अळणी भज्जी

येळवसेच्या आदल्या दिवशी धाराशिवच्या मंडईत आता भज्जीचे वाटे मिळतात. गोणपाटावर ओळीनं मांडलेले. मूठभर तुरीच्या शेंगा, मूठभर वटाणा, हरभऱ्याचा डहाळा, वालाच्या शेंगा, एखादं गाजर, मेथीच्या चार काड्या, चुक्याची पानं, वर चिंचेचं बोटूक. नोकरदारांच्या बायका पिशवी पुढं करतात, बाई वाटा उचलून आत ओतते. ज्या सणाला रानानं आपल्याला जेवायला घालायचं, त्या सणाला आपण रान विकत घेतो. यंदा त्या वाट्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. वाटे लहान होते. शेंगा चेपून पाहिल्या तर निम्म्या पोचट. मी म्हटलं, मावशी, हे काय? तिनं वरही पाहिलं नाही. "पाऊसच पोचट पडला बाई, त्याला म्या काय करू?"

दोन वाटे घेतले आणि बेंबळीच्या एसटीत बसले. मांडीवर पिशवी, पिशवीतून चुक्याचा आंबट वास. खिडकीबाहेर ज्वारी गुडघ्याएवढीच राहिलेली, पानं वळून सुतळीसारखी झालेली. मधेच एखादा उसाचा फड हिरवागार. पिण्याच्या विहिरी आटल्या तरी उसाच्या विहिरींना पाणी असतं, हे आमच्या जिल्ह्याचं जुनं कोडं आहे, आणि ते न सोडवताच आमचे पुढारी निवडून येतात. पण आज मी पुढाऱ्यांवर लिहायला बसले नाही. आज भज्जीवर लिहायचं आहे.

बाहेरच्यांना येळवस सांगावी लागते. मार्गशीर्ष संपतानाची ही अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, तीच रानातली लक्षुमी, वर नवं कापड पांघरायचं. घरून डोक्यावर टोपली आणायची. टोपलीत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या, मडक्यात ताकातली आंबील, आणि मोठ्या पातेल्यात भज्जी. पूजा झाली की आंबील आणि अन्न शेतभर शिंपडत फिरायचं, कानडीतून आलेली एक आरोळी देत, जिचा अर्थ गावात कुणालाच सांगता येत नाही. मग जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं.

भज्जी हे खरं तर तोंडीलावणं. पोळी-भाकरीच्या कडेला वाढायची गोष्ट. पण येळवसेला बाकी सगळं तिच्या कडेला बसतं. रानात त्या दिवसांत जे जे ओलं, जे जे हिरवं, ते सगळं तिच्यात जातं. दाणे आधी शिजवायचे, मग पालेभाज्या, मग ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ सोडून हाटायचं, वरून लसणाची फोडणी. ती पातळही नसते, घट्टही नसते. लहान पोरांना ती बोटानं चाटता येते, दात नसलेल्या म्हाताऱ्यांना गिळता येते. आणि तिचा एक नियम आहे. ती नैवेद्याची, म्हणून शिजवणारणीनं तिला जीभ लावायची नाही. मीठ अंदाजानं घालायचं. आमच्याकडच्या बायकांचा अंदाज चुकत नाही.

माझ्या मायच्या भज्जीत मात्र मीठ नसतं. दरवर्षी नसतं. गावात तिला अळणी गोदा म्हणतात. नव्या सुना हसतात, जुन्या बायका हसत नाहीत. ज्यांना कारण माहीत आहे त्या विषय बदलतात.

कारणाचं नाव बनी. माझी धाकटी बहीण.

बनी बोलायला लागली तेव्हा तिचं पहिलं धड वाक्य होतं, "अळणी हाय." वरणात मीठ जरा कमी पडलं की ती ताटली पुढं सरकवायची आणि हाताची घडी घालून बसायची. खारट झालं की थू करायची. भाकरीचा करपलेला पापुद्रा तिला चालत नसे, दुधावरची साय चालत नसे, माझ्या ताटातलं मात्र सगळं चालायचं. आमची मोठीआई, म्हणजे थोरल्या चुलत्यांची बायको, घरातली कारभारीण, कपाळाला हात लावायची. "गोदे, ही कुण्या पाटलाची लेक तुझ्या पोटी आली गं? हिला सैपाकाची मुकादमीन करा." मग हसत हसत उठून बोटावर मीठ आणून बनीच्या ताटलीत सोडायची. हे लिहून ठेवते, कारण पुढं मोठीआईबद्दल जे लिहायचं आहे ते एकटं वाचलं तर अन्याय होईल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीच्या वर्षीही पाऊस रुसलेला होता, त्या वर्षी तो आलाच नाही. बाप ऊस तोडायला खाली, साखर कारखान्यांच्या मुलखात गेला. बैल कवडीमोलानं गेले. माय आणि मोठीआई पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागल्या, मातीच्या पाट्या वाहायला. मी तिसरीत होते आणि शाळा अर्धी बंद, म्हणून बनीला सांभाळत मीही तिथंच. बांधावरच्या बाभळीला झोळ्या टांगलेल्या असत, एकाच फांदीला सगळ्या समाजांच्या. गावात ज्यांच्या सावल्या मोजून पडायच्या त्यांची लेकरं तिथं एकाच वाऱ्यानं हलायची. बुद्धवाड्यातली शांताबाई मायच्या जोडीला पाट्या वाहायची. तिचा मिलिंद बनीच्याच वयाचा. एकीनं पाटी रिकामी केली की दुसरीच्या लेकराला झोका देऊन जायची.

खायला मिलो होती. बोटीतून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापताना कडेनं चिरा पडायच्या आणि खाताना तोंडात भुसा भरल्यासारखं व्हायचं. माझा मामा धाराशिवला छापखान्यात खिळे जुळवायचा. तो सांगायचा की हे धान्य तिकडं डुकरांना घालतात. मायनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पोरांसमोर हे पुन्हा बोलू नको, त्यांना तेच खायचं आहे. कामावर पोरांना सुकडी वाटत. गोड, तपकिरी, भरडी. बनीनं पहिले काही दिवस ती खाल्ली. मग तिला हगवण लागली. ती थांबायची, परत लागायची.

आणि बनी बदलली. तिनं ताटली सरकवणं सोडलं. थू करणं सोडलं. मिलोचा तुकडा तोंडात घातला की ती तो गालात धरून बसायची, तासभर, न चावता, न थुंकता. रडायची नाही, मागायची नाही, कुणाच्या ताटाकडं बघायची नाही. बायका मायला म्हणायच्या, किती शहाणी झाली बनी. मुकादम म्हणाला, पोरगी लई समजदार आहे. मोठीआईनं तर तिची दृष्ट काढली.

तेव्हा गावोगाव अशी शहाणी लेकरं होती. झोळीत पडून आभाळाकडं बघणारी. एवढी मोठी चूक अख्ख्या मुलखानं मिळून केली, आणि ती आमच्याच लोकांना शोभणारी चूक होती. आम्ही लेकरांना जन्मापासून शिकवतो की मागू नये, नाव ठेवू नये, ताटात पडेल ते खावं. मग लेकरू उपासानं गप्प झालं, तर आम्हाला वाटतं आपलं वळण लागलं.

एकट्या मायला काहीतरी टोचत असावं. कारण तिनं वालाचा वेल लावला. न्हाणीच्या कडेला, दगडाच्या आडोशाला. त्या वर्षी वेल लावणं म्हणजे वेडेपणा होता, पाणी टँकरचं होतं. पण माय बनीला सपाट दगडावर उभी करून अंघोळ घालायची, ते पाणी घमेल्यात धरायची, त्यात फडकी पिळायची आणि उरलेलं वेलाला. भांडी घासलेलं खरकटं पाणीही त्यालाच. वेल धरला. जांभळी फुलं आली. माय बनीला कडेवर घेऊन दाखवायची. "ह्या शेंगा कुणाच्या? येळवशीला भज्जी करायची, बनीला घालायची. खाणार का?" बनी मान हलवायची. दिवसभरात ती फक्त या एका प्रश्नाला उत्तर द्यायची. म्हणून माय तो प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारायची.

सण जवळ आला तेव्हा मामा येऊन गेला. हरभऱ्याची डाळ घेऊन आला, छापखान्यातल्या वाया गेलेल्या पत्रकात बांधून. मामाची पत्रकं आमच्या घरात फळीवर अंथरलेली असत, चुलीजवळ खोचलेली असत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि घर होतं. पत्रकांत मजूर, मागणी, मोर्चा, हक्क. या पुडीच्या कागदावर वरती ठळक ओळ होती, "भूक ही देवाची करणी नाही." मी ती मायला मोठ्यानं वाचून दाखवली. माय डाळ निवडत होती. म्हणाली, व्हय, खरं हाय, पण कागुद फाडू नको, पीठ चाळायला लागंल.

त्या येळवसेची भज्जी अशी झाली. वालाच्या वेलाच्या ओंजळभर शेंगा. विहिरीच्या तळाशी ओल होती तिथली चिगळ नावाची रानभाजी, ती खुडायला मला दोरानं धरून उतरवलं होतं. शेवग्याचा पाला. चिंच. डाळीचं पीठ. ताक नव्हतं, म्हणून चिंचेच्याच पाण्यात कालवलेलं. माय पहाटेपासून चुलीपुढं होती आणि मधून मधून मागं वळून बनी जागी आहे का ते बघत होती. वास उठला तेव्हा बनी खरोखर उठून बसली. कितीतरी दिवसांनी आपण होऊन बसली.

कोपीला कडबा कुठला असणार? तरवडाच्या फांद्या उभ्या केल्या. दगड तेच, चुना तोच. सभोवार काळी जमीन, भेगा अशा की त्यात बनीचं पाऊल जाईल. आम्ही बसलो आणि पूजा खोळंबली. शिंपडायला पाणी नव्हतं. थोरले काका घागर घेऊन टँकरकडं गेलेले, टँकर आलेला नव्हता. ऊन चढलं. टोपलीवर फडकं, फडक्याखाली भज्जी, आणि मायच्या मांडीवर बनी. ती टोपलीकडं बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "माय, भज्जी."

मायनं मोठीआईकडं पाहिलं. मोठीआई म्हणाली की आता येतीलच ते, पाणी आलं की लगेच. वेळ गेला. बनीनं दुसऱ्यांदा मागितलं नाही. तिचे डोळे मिटायला लागले.

मायनं फडकं बाजूला सारलं.

"गोदे, उष्टं करू नको," मोठीआई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. "नैवेद्य हाय त्यो. आधी लक्षुमीला दाव."

"लक्षुमी दम धरंल, अक्का," माय म्हणाली. "लेकरू न्हाय धरायचं."

आणि तिनं बोटावर भज्जी घेऊन बनीच्या तोंडात घातली. बनीनं ती गालात धरली नाही. गिळली. तोंड परत उघडलं. मायनं परत घातली. मला आठवतं ते एवढंच, उघडणारं तोंड आणि त्यात जाणारं मायचं बोट, आणि मोठीआईनं कोपीकडं तोंड करून जोडलेले हात. बनी खात होती. खाऊन झाल्यावर मायच्या पदराला तोंड पुसून तिथंच झोपली. ओठाच्या कोपऱ्यात पीठ वाळलेलं.

मग काका आले, पूजा झाली, आम्हाला वाढलं. पहिला घास घेतला आणि सगळेच थांबले. भज्जीत मीठ नव्हतं. चिमूटभरही नव्हतं. नैवेद्याला जीभ लावायची नाही म्हणून मायनं चाखली नव्हती, आणि बनीवर लक्ष ठेवण्याच्या नादात मीठ घालायचंच राहिलं होतं. काका म्हणाले, "धाकटे, अळणी झालीय गं." एरवी आम्ही हसलो असतो.

माय बनीकडं बघत राहिली. घास हातात तसाच. मला तेव्हा समजलं नाही ती काय बघते आहे. आता समजतं. जी पोर मिठाच्या एका खड्यासाठी घर डोक्यावर घ्यायची, ती सगळी अळणी भज्जी एक शब्द न बोलता खाऊन झोपली होती.

संक्रांतीच्या आधीच बनी गेली. त्याबद्दल जास्त लिहायचं नाही.

पण त्यानंतर जे बोललं गेलं त्याबद्दल लिहायलाच हवं. टँकरच्या रांगेत घागरीबरोबर ते पुढं सरकायचं. नैवेद्याआधी उष्टं केलं. लक्षुमीच्या तोंडचं काढून घातलं. बायका हे रागानं बोलत नव्हत्या, कळवळ्यानं बोलत होत्या, आणि म्हणून ते जास्त खोल जायचं. मोठीआई स्वतः काही बोलली नाही, पण कुणी विचारलं तर नाहीही म्हणाली नाही. माय पाणी भरायची, पाट्या वाहायची. मी मामाचा तो कागद शोधून काढला आणि रांगेत उभी राहून मोठ्यानं वाचला, भूक ही देवाची करणी नाही. बायकांनी शांतपणे ऐकलं. एकीनं विचारलं, कुणी लिवलंय? दुसरी म्हणाली, शिकलेली माणसं लिवतेत, त्यांची लेकरं शिकलेलीच असतेत. मायनं माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी घालून चोळीत ठेवला. तिथं बोलली ती एकटी शांताबाई, आणि तीही टँकरच्या पलीकडून, कारण तिची रांग वेगळी होती. "लेकरू इतके दिस वाळत गेलं तवा कुणाच्या लक्षुमीनं इचारलं? शेवटचा घास घातला तिलाच धरता व्हय?"

त्या दिवसापासून मला पत्रकांविषयी एक शंका आहे, आणि आज मी स्वतः पत्रकं लिहिते तरी ती गेलेली नाही. ती ओळ खरी होती. आजही खरी आहे. पण तिच्यात बनी नव्हती. खऱ्या ओळीला एखादं लेकरू कडेवर घ्यावं लागतं, नाहीतर ती रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तुरी डोक्यावर गेल्या, बाप परत आला, खऱ्या कडब्याची कोपी झाली. मोठीआई मायला म्हणाली की यंदा आधी कोपीपुढं नाक घास, माफी माग, घरात आणखी लेकरं व्हायची आहेत.  माय टोपली घेऊन शेतात आली. शांताबाई आमच्या बांधावरून आपल्या वाट्याच्या रानाकडं निघाली होती, मिलिंद तिच्या मागं. मायनं त्याला हाक मारली, बांधावर बसवलं, कोपीकडं पाठ करून टोपलीवरचं फडकं काढलं आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला. मोठीआईच्या तोंडाला पदर गेला. नैवेद्याआधी, आणि वर बुद्धवाड्यातलं पोर.

मिलिंदनं तोंड वाकडं केलं. घास बाहेर काढून हातावर घेतला. "मावशी, ही तर अळणी हाय."

माय हसली. बनी गेल्यापासून पहिल्यांदा. पदराच्या गाठीत तिनं मीठ बांधून आणलं होतं. ती गाठ सोडून तिनं मीठ पातेल्यात घातलं, डावानं ढवळलं, त्याला परत चाखवलं. "आता?" "आता हाय." मग तिनं नैवेद्य दाखवला, आंबील शिंपडली, सगळं रीतीनं केलं. मोठीआई न जेवता घरी निघून गेली. पुढच्या वर्षापासून घर एक पण कोप्या दोन झाल्या, पुढं चुलीही दोन.

तेव्हापासून माय भज्जी अळणीच करते. मीठ पदरात बांधून नेते. वस्तीतल्या सगळ्यात लहान, बोलत्या लेकराला पहिला घास घालते आणि वाट बघते. लेकरू कुरकुरलं, की मीठ पडतं. कुणी तिला विचारलं हे काय सोंग, तर म्हणते, "नाव ठेवणारं लेकरू जगतंय." एवढंच. यावर तिनं कधी भाषण केलं नाही. मी गेल्या वर्षी एका सभेत तिची गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिला सांगितलं तर म्हणाली, टाळ्या कशाच्या गं?

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दूध डेअरीची नवी इमारत दिसली. दुष्काळानंतर आमच्याकडं सहकार आला. सोसायटी आली, डेअरी आली, उद्घाटनाच्या कोनशिला आल्या. मी सहकाराच्या विरोधात नाही. मामानं पुढं त्याचीही पत्रकं जुळवली. पण गावात संकरित गाई आल्या आणि घरातलं ताक गेलं, हेही लिहिलं पाहिजे. दुधाला फॅट किती लागलं ते पोरांना तोंडपाठ असतं. दूध कसं लागतं ते सांगता येत नाही. सकाळ-संध्याकाळ सायकलवाला घंटी वाजवत येतो, कॅन भरून नेतो, आणि गाईच्या दावणीशेजारी बसून पोरं काळा चहा पितात. या वर्षी पुन्हा टँकर सुरू आहे. यंदा दुष्काळ आहे की नाही हे ठरवायला सरकार पिकांची पैसेवारी काढत बसलं आहे.

मायनं पिशवीतले पोचट वाटे पाहिले आणि सुपात ओतले. न्हाणीपाशी वालाचा वेल होता. तो दरवर्षी असतो.

दुसऱ्या दिवशी शेतात कोपीपाशी बसलो होतो, माय, मी आणि बाप. मायनं चाखायला वस्तीत लहान लेकरू शोधून पाहिलं होतं, पण यंदा घरंच्या घरं ऊसतोडीला गेलेली. तेवढ्यात बांधावरून मोठीआई येताना दिसली. काठी टेकत, कंबरेत वाकलेली. दुसऱ्या हाताला नात, राणी. राणीचे आई-बाप टोळीबरोबर गेले होते, पोर म्हातारीजवळ ठेवून. एका गाईवर दोघींचं चाललं होतं. इतक्या वर्षांत मोठीआई आमच्या कोपीपाशी आली नव्हती. ती आली, काठी बाजूला ठेवली, खाली बसली आणि राणीला मायच्या पुढं ढकललं.

"गोदे, हिला चाखव."

माय तिच्याकडं बघत राहिली. मोठीआई म्हणाली, पोरगी लई शहाणी आहे, काही म्हणून मागत नाही. बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं असावं.

मायनं फडकं काढलं. राणीला मांडीवर घेतलं. मी पोरीचे काडीसारखे हात पाहिले, पाहिले आणि नजर काढून घेतली. मायनं बोटावर भज्जी घेतली, फुंकली, घातली. राणीनं गिळली. आम्ही थांबलो. बापानं विडी न पेटवता हातात तशीच धरली. राणीनं तोंड परत उघडलं.

"मीठ हाय का गं, बाळा?" मायनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

राणीनं मान हलवली. हाय.

मायनं दुसरा घास घातला, तिसरा घातला. राणी खात राहिली, उघडत राहिली. मोठीआई पुढं वाकली होती, तिला आता कमी दिसतं. तिनं विचारलं, "म्हणली का काई?"

"न्हाय म्हणली," माय म्हणाली.

 कोपीतले पाच दगड होते तसेच होते. मग माय पोरीचं तोंड पुसत, मोठीआईकडं न बघता म्हणाली, "अक्का, आजपासून गाईचं दूध डेअरीला घालू नका. थोडं थोडं पाजा. उद्या सकाळी हिला घेऊन दवाखान्यात जायचं, म्या येते संगट."

"मग घर कशावर चालवू गं?"

"दोन चुली कशाला पायजेत? हिकडं या."

मोठीआईनं मान खाली घातली. ती रडली असं मी लिहिणार नाही. तिनं हात पुढं केला आणि राणीच्या पायाचा अंगठा धरून बसली, लेकरू पळून जाईल की काय असा. मायनं उठून नैवेद्य दाखवला, शिंपणं केलं. पदराची गाठ मात्र तिनं सोडली नाही. लेकरू मागेपर्यंत मीठ घालायचं नाही ही तिची रीत, आणि लेकरानं मागितलं नव्हतं. मायनं वाढलं. आम्ही सगळ्यांनी अळणी भज्जी खाल्ली. मोठीआईनंही खाल्ली, शेवटपर्यंत, ताटली पुसून.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही वस्तीवर आलो. मोठीआईनं गाय पिळली आणि भांडं पदराखाली धरून ओट्यावर बसली, राणीला टेकवून. गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजली. घंटी जवळ आली, दाराशी थांबली, पुन्हा वाजली. डेअरीवाल्यानं हाक दिली, "आजी, दूध."

मोठीआई उठली नाही.